दोघांत एक पाकीट

—दोन कशाला पण, काकू? जोडपं एक, लग्न एक, मग पाकिटं दोन कशाला? हे बघा ना, तुमच्याच कागदावर — वरती काकांच्या ऑफिसातली माणसं लिहिलीयत, त्यात हे साहेब, एकटे. आणि पार खाली, तुमच्या व्यायामाच्या क्लासातल्या बायका संपल्या की मग ही बाई, त्याच आडनावाची, तीही एकटी. मला वाटलं तुम्ही चुकून दोनदा लिहिलंत. नाही? मुद्दाम? काका म्हणाले वेगवेगळी पाठवा, हल्ली ते एकत्र राहत नाहीत? बरं. बरं बरं. नाही, मला काय, मी लिहिणारी. दोन म्हणालात तर दोन, दहा म्हणालात तर दहा. फक्त नियमात बसत नाही म्हणून बोलले. बसा ना तुम्ही. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलाय तो. या खुर्चीवर बसा. आत्या छापखान्यात गेलीय, तुमच्या मुलीच्या नावात काना राहिलाय का ते बघायला. राहिला नसेल, पण तिला झोप लागत नाही मग. पाकिटं लिहायचं काम माझंच. आत्याचं अक्षर म्हणजे झुरळ शाईत बुडवून कागदावर सोडावं तसं आहे — हे मी तिच्या तोंडावर पण सांगते, तुम्ही परत सांगू नका. माझं बघा. हे, हे वरचं. बघितलंत? तोंड बघून वाटत नाही ना? कुणालाच नाही वाटत. शाळेत अर्ध्या वर्गाच्या रजेच्या चिठ्ठ्या मी लिहून देते, आईच्या अक्षरात हवी तर आईच्या, आजोबांच्या हवी तर आजोबांच्या, हात थरथरल्यासारखा करून.

नियम कसला म्हणजे? असतो की नियम. लोकांना वाटतं नाव टाकलं, तिकीट चिकटवलं, झालं. तसं नसतं, काकू. जोडप्याला पाकीट लिहायचं म्हणजे सगळ्यात अवघड. साधं असेल तर 'श्री. व सौ.', मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव — बाईच्या वाट्याला नुसतं 'सौ.', पुढे काही नाही, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरल्यासारखं. आता बाई डॉक्टर असली तर? तर डॉक्टर आधी, नवरा मागून. मी एकदा लिहिलं तसं, अगदी नियमाने, तर त्या नवऱ्याने पाकीट परत पाठवलं, लाल पेनाने बाण काढून स्वतःचं नाव वर घेतलेलं, आणि खाली सही. सही, काकू. स्वतःला आलेल्या पाकिटावर. बरं, आडनावं वेगळी असली तर कुणाचं आधी? ज्याची ओळख त्याचं आधी, असं आत्या म्हणते. मी म्हणते ज्याचं लांब त्याचं खाली, नाहीतर तिकिटाला जागा उरत नाही. आणि एक घर आहे, मी सांगणार नाही कुठलं, तुम्ही ओळखत असाल — तिथे नवराबायको एकाच घरात राहतात आणि बोलत नाहीत. म्हणजे कधीच नाही. जेवताना भिंतीकडे बघून 'मीठ' म्हणतात, मग भिंत काही उठत नाही, दुसराच देतो. आता त्यांना काय दोन पाकिटं पाठवायची? एक स्वयंपाकघराला आणि एक हॉलला? एकच जातं त्यांना. आणि येतात. एकाच गाडीतून येतात, एक पुढे, एक मागे, पण येतात ना.

चुकतं कधीकधी. म्हणजे एकदा गिऱ्हाइकाच्या कागदावरच चुकलेलं होतं, मी आपलं उतरवलं. आजोबा वारले होते आणि पाकिटावर गेली दोघांची नावं. आत्याला कळलं तेव्हा ती दिवसभर त्या आखूड स्टुलावर बसून होती, एवढी हादरली. आणि मग त्या आजीच आल्या दुकानात. हातात तेच पाकीट. म्हणाल्या, हे कुणी लिहिलं? मी लगेच आत्याकडे बोट दाखवलं, मला काय वेड लागलंय. आजींनी पाकीट वळवून बघितलं, म्हणाल्या, अक्षर छान आहे. एवढंच. परत पर्समध्ये ठेवलं, चेन लावली आणि गेल्या. माझं कौतुक आत्याने फुकटात खाल्लं. पण मला तेव्हापासून वाटतं, एका ओळीत दोन नावं असली ना, की — जाऊ दे. चहा घेणार? नको? बरं झालं, पत्ती संपलीय.

तर या दोघांचं. कोर्टाचा कागद कुठे झालाय त्यांचा? नाही झालेला. काकांना वाटत असेल झालाय, पण नाही. मग नियमाने ते अजून जोडपंच. कागद होईपर्यंत पाकीट एक. असा नियम आहे. कुठे लिहिलाय? असेल लिहिलेला कुठेतरी, सगळंच काही भिंतीवर लावून ठेवत नाहीत. आणि साहेबांचा पत्ता पण जुना दिलाय तुम्ही. ही जागा त्यांनी सोडली. आता ते दवाखान्याच्या वर राहतात, तिथे बाहेरून लोखंडी जिना आहे ना, त्याच्या शेवटाला खोली. बेल चालत नाही, दार वाजवायचं, आणि दोनदा वाजवायचं, एकदा वाजवलं तर त्यांना वाटतं खालचा पेशंट चुकून वर आला, मग ते उठतच नाहीत. मला कसं माहीत? पत्तेच लिहिते ना मी दिवसभर. पाठ होतात. जिना? जिना काय, पत्त्यातच येतो जिना. अशा नका बघू. तुमची मुलगी पण अशीच बघते का? सासरी त्रास होईल हं.

बरं, नियम सोडा. अनुभवाचं सांगते. दोन पाकिटं पाठवलीत तर दोघांतलं एकही येणार नाही, लिहून देते. बाईला वाटणार, तो येणार, मग मी कशाला जाऊ. त्याला वाटणार, ती येणार, मग मी कशाला. दोघंही घरी बसणार आणि दोघांनाही वाटणार दुसरा मजेत जेवतोय. मी यावर अभ्यास केलाय, काकू. शाळेने मला घरी बसवलंय ते उगाच नाही. आमचे हेडसर आहेत, आम्ही त्यांना थर्मास म्हणतो — बाहेरून थंड, आत उकळतंय. तर मी काय केलं, वर्गातल्या सगळ्यांच्या घरी पत्रं पाठवली. शाळेच्या कागदावर, थर्मासच्या सहीने. त्यांची सही मला त्यांच्यापेक्षा बरी येते. 'आपल्या पाल्याविषयी महत्त्वाचे बोलावयाचे आहे, तरी आई-वडील दोघांनी मिळून समक्ष यावे.' प्रत्येक घराला एक पाकीट. आणि आले ना सगळे. ऑफिसं टाकून आले. एकाचे वडील तर अर्धी दाढी करून आले, एका कानाला फेस. मैदान नुसतं भरलं. थर्मास कप घेऊन बाहेर आले आणि कप हातातच राहिला. सगळे विचारतायत, काय केलं आमच्याने? सर म्हणतायत, काही नाही. आणि तेच कुणाला पटत नाहीये. एक बाई तर आपणहून म्हणाली, त्या खिडकीची काच आम्ही भरून देतो. तिच्या पोराने ती काच फोडलीच नव्हती. मी फोडली होती.

हसा, हसा. मला पण हसू येत होतं, आधी. सापडले कशी? अक्षरावरून नाही हं, अक्षर मी बदललं होतं. सर म्हणाले, प्रत्येकाने आपापल्या आईबाबांजवळ जाऊन उभं राहा. सगळे गेले. मैदानात अशा तीन-तीनच्या जुड्या उभ्या राहिल्या, भाजीच्या बाजारासारख्या. आणि टाकीजवळ मी. सर चालत आले, सावकाश, म्हणाले, 'स्वतःच्या घरी पत्र पाठवायला विसरलीस. लबाड आहेस, पण हुशार नाहीस.' सगळे हसले. मी विसरले नव्हते, काकू. माझ्या घरी दोन गेली होती. एक आईला, एक बाबांना, आपापल्या पत्त्यावर. ती दोनच तर पाठवायची होती मला. बाकीची नुसती सोबतीला — आपल्या एकट्याच्याच घरी गेलं तर लगेच ओळखू येतं ना. एवढी पाकिटं लिहिली मी, बोटाला घट्टा पडला, आणि येऊन बसले कोण, तर त्या काचवाल्याचे आईबाप. संध्याकाळी आईचा फोन. 'काय म्हणाले गं सर बाबांना?' मग बाबांचा. 'आई गेली होती ना?' मी दोघांनाही हो म्हटलं. दोघांनाही बरं वाटलं.

हो. कागदावरचे ते दोघं माझेच आईबाबा. मग काय झालं? आडनाव बाहेर पाटीवर एवढं मोठं लिहिलंय, आत्याने लग्न केलं नाही म्हणून तिचं तेच राहिलं, बाबांचं पण तेच. तुम्ही वाचलं नाहीत, त्यात माझी काय चूक. कागद वाचताना मला वाटलं सांगावं, मग वाटलं कशाला, लिहून टाकावं एक पाकीट, तुम्हाला कळणार पण नाही. पण तुम्ही मोजून घेता, तुमच्याकडे बघूनच कळतं.

भांडले असते तर बरं होतं. भांडलेच नाहीत, तीच तर गंमत. ताट आपटलं नाही, कुणी रडलं नाही, काही नाही. एक दिवस बाबा इस्त्रीचे कपडे आणायला गेले आणि कपडे घेऊन तिकडूनच दुसरीकडे राहायला गेले. आईने जेवायला वाढलं होतं. आता आईची नोकरी रात्रपाळीची, मी एकटी कशी राहणार, आणि बाबांची खोली एवढीशी की पाय पसरले तर दार उघडत नाही. म्हणून मी आत्याकडे, या मागच्या खोलीत, कार्डांच्या खोक्यांमध्ये. तात्पुरती. तात्पुरतं म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही, आणि मी विचारलं तर आत्या सांगते, भांडी घास. माझं दप्तर इथे, स्वेटर आईकडे, सायकल बाबांच्या जिन्याखाली. थंडी वाजली की आधी बाबांकडे चालत जायचं, सायकल घ्यायची, मग आईकडे स्वेटर आणायला जायचं. तोपर्यंत घाम येतो, स्वेटर नकोच वाटतो. सोयीचं आहे तसं.

आणि निरोप सगळे माझ्यातून जातात. 'बाबांना सांग, बँकेचा कागद आलाय.' 'आईला विचार, माझी छत्री तिथेच राहिलीय का.' मी काय पोस्ट आहे का नुसतंच इकडचं तिकडे करायला? मी थोडं पदरचं घालते. बाबांना सांगितलं, बँकेचा कागद आलाय, आणि आई म्हणाली पाठीला जपा. आईला सांगितलं, छत्री हवीय, आणि बाबा म्हणाले तुझा आवाज बसलाय, गरम पाणी पीत जा. आईने लगेच पकडलं. म्हणाली, 'हे त्यांचं नाही. ते असं बोलणारे असते तर—' आणि मग डबा भरायला लागली, रिकामाच डबा, झाकण लावलं, परत काढलं. बाबा हसले. म्हणाले, 'तुझी आई जपा म्हणत नाही, मरा म्हणते.' मी पण हसले. जिना उतरून सायकल काढली, तर वरून आवाज — 'खरंच म्हणाली का गं?' आता काय सांगणार. मी घंटी वाजवत सुटले, ऐकूच आलं नाही असं दाखवलं. सगळ्या गल्लीत कुत्री मागे लागली.

म्हणून एक पाकीट म्हणत होते. नियमबियम काही नाही, मीच केला तो आत्ता. त्यांनी परत एका घरात राहावं असं पण नाही, मी काय लहान आहे का. एक फोन, काकू. पाकीट ज्याला मिळेल त्याला दुसऱ्याला सांगावं लागेल ना, दोघांची नावं आहेत, एकट्याने उघडून फ्रिजवर कसं ठेवणार. 'अगं, लग्नाचं कार्ड आलंय. जायचंय का?' एवढंच. मग ती म्हणेल नाही, ते म्हणतील बरं. चालेल मला. येऊ पण नका म्हणावं लग्नाला, तुमची दोन ताटं मी खाईन हवं तर. पण नाही म्हणायचं ते एकमेकांना म्हणतील ना. मला नाही म्हणणार.

काय? लिहू? खरंच, एकच? आणि काका? तुम्ही बघाल काकांचं? काकू — थांबा, थांबा, पेन बदलते, हा फुटका आहे, हा ऑफिसवाल्यांना. हा चांगला. आत्या याला हात लावू देत नाही. पाकीट पण यातलं नको, खालचं घेते, वरच्यांना कोपरे लागलेत. सरका जरा, सावली पडतेय तुमची. 'श्री.' — बोलू नका हं, मोठ्या अक्षरात श्वास धरावा लागतो — 'व' — हा 'व' जवळ घ्यायचा, लांब पडला की उपरा वाटतो — 'सौ.' झालं. आता नाव. आता आडनाव. बघा. बघा ना. सरळ आलं की नाही? पट्टी न लावता. मी यांची नावं अशी कधी लिहिलीच नव्हती, माहितेय? शाळेच्या वहीत असतात ती वेगळी, एकाखाली एक, रकान्यात. कसं दिसतं नाही? जुन्या पाकिटासारखं दिसतं. आता पत्ता.

आईचा घालते. हो, आईचाच, ते मूळ घर आहे. आई सकाळी कामावरून येते, खाली पेटी उघडते, चपला न काढताच सगळं वाचते. हे वाचेल. वाचून मग फोन घेईल आणि — नाही. एक मिनिट. फोन घेईल आणि मला करेल. 'अगं, पोस्टाचा काहीतरी घोटाळा आहे, दोघांचं एकत्र आलंय, येऊन घेऊन जा आणि त्यांना दे.' हो. असंच म्हणेल. मग बाबांचा घालू? दवाखान्याच्या वरचा. बाबा टेबलावर उभं करून ठेवतील, पेल्याला टेकवून. दोन दिवस नुसतं बघतील. जेवताना पण बघतील. मग फोन करतील. मलाच. 'आईला विचार, ती जाणार असेल तर मी जात नाही.' आणि मग मी सायकल घेऊन — नाही, सायकल तिकडेच आहे. मग मी चालत.

कुठला? इथला? दुकानाचा पत्ता? नको, काकू. हो, खरंय तुमचं, शेवटी सगळं इथेच येतं, मग आधीच इथे आलेलं काय वाईट, बरोबर आहे. पण वर त्यांची नावं लिहिलीयत ना. ते इथे नाही राहत. इथे मी राहते.

नाही, फाडू नका. असू दे. द्या इकडे, शाई ओली आहे, हाताला लागेल तुमच्या. तुमची दोन करते मी, कागदावर आहेत तशी, एक वर, एक खाली, दवाखान्याचा पत्ता घालून. मोजून घ्या उद्या, एक पण कमी निघणार नाही. पाणी नको मला. आत्या येईल आता, तिला यातलं काही सांगू नका, शाई सांडून एक पाकीट वाया गेलं एवढं सांगा हवं तर. उठा, काकू. जा तुम्ही, तुमच्या घरी लग्न आहे, शंभर कामं असतील. आणि जाताना दार ओढून घ्या, वारा आत येतो.